कॅबिनेटची खंडेनवमी

कीबोर्डवर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि ते पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर नारळ ठेवला होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कुणाचा हात लागू नये म्हणून," येमुल मालक म्हणाले. "इंग्रजीत काहीतरी विचारतंय. वाय का एन, म्हणतंय. मी म्हटलं, आपण उत्तर द्यायचं नाही. ज्यानं हे आणून बसवलं, त्यानं येऊन द्यावं."

मी नारळ उचलून बाजूला ठेवला आणि पडद्यावरच्या चार ओळी वाचल्या. इतक्या वर्षांच्या दुरुस्तीच्या धंद्यात कुठल्याही मालकानं घेतलेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. तो भीतीपोटी घेतलेला होता, ही गोष्ट वेगळी.

ही दोन हजार तीन सालची, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची हकीकत. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला लक्ष्मीनारायण येमुल यांचा चादरींचा कारखाना होता. चाळीस माग, त्यातले बारा जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे. पूर्वी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून नक्षी साठवत. आता ती संगणकावर काढत आणि संगणकातून मागाला देत. हा संगणक पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कंपनीतला, जुना. आणला मीच. त्याच्या शेजारी लोखंडी ट्रंकेएवढं एक कॅबिनेट होतं आणि त्यात एकाखाली एक अशा चार डिस्क. चौघी मिळून एकच कोठार. एक मेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम ओढून नेतात, असं मी विकताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. चौघींनी आपापसात जागा बदलल्या तर काय होतं, ते सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आता तेच झालं होतं. संगणकातला कंट्रोलर, म्हणजे डिस्कांचा हिशेब ठेवणारा भाग, म्हणत होता: मला चार डिस्क दिसताहेत, पण माझ्याकडे लिहून ठेवलंय तशा त्या बसलेल्या नाहीत. जुनं लिहिलेलं पुसून नव्यानं मांडू का? वाय दाबला असता, तर त्यानं चारी डिस्क कोऱ्या केल्या असत्या आणि वर काम झाल्याचा निरोपही दिला असता.

मी एन दाबला. सगळं बंद केलं आणि म्हणालो की बिघाड नाही, अदलाबदल आहे.

"ती कुणी केली ते मला माहीत आहे," मालक म्हणाले आणि दाराकडे बोट केलं.

दारात मल्लेशम गड्डम उभा होता. कारखान्याचा जॉबर. मागांची दुरुस्ती करणारा आणि मालक न् विणकर यांच्या मधोमध उभा राहणारा माणूस म्हणजे जॉबर. छपन्नच्या आसपासचा, खाकी शर्ट, खिशात पक्कड. तो फरशीकडे बघत होता.

मालकांनी हकीकत सांगितली. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. माग पुसून तेल देऊन झेंडूच्या माळा घालतात, पक्कड-पान्ह्यांना हळदकुंकू वाहतात, दाराशी कोहळा फोडतात. यंदा मल्लेशमनं कॅबिनेटसुद्धा पूजेला घेतलं. चारी डिस्क बाहेर काढल्या, पाटावर मांडल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या, कुंकू लावलं, फुलं वाहिली आणि परत आत सरकवल्या.

"मागाचा धोटा समजला काय तो?" मालक म्हणाले. "निंबर्गी साहेब, यांच्यादेखत सांगतो. दिवेलागणीपर्यंत डिझाइन आली नाहीत तर उद्यापासून यानं यायचं नाही. छत्तीस वर्षं झाली असतील. असू देत."

"यांच्या" म्हणजे पद्मजाच्या. पद्मजा कुरापाटी ही तिथली डिझायनर. नऊ वर्षं ती त्या खोलीत बसून मोर, कमळं, हत्ती, कोयऱ्या काढत होती. सीडीवर उतरवून ठेवलेलं काम मार्चपर्यंतचं होतं. मार्चनंतरचं सगळं त्या चार डिस्कांत. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. एका कागदावर मार्चनंतरच्या नक्ष्यांची नावं आठवून आठवून लिहीत होती, आणि ते बघणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

"मल्लेशम मामांनी मला विचारून घेतलं होतं, मालक," ती मान वर न करता म्हणाली. "मीच हो म्हटलं."

"तुम्ही मोठ्या मनाच्या आहात," मालक म्हणाले. म्हणजे तो विषय संपला.

येमुल मालक वाईट माणूस नव्हते. कामगाराच्या घरी लग्न असलं की सगळ्यांत आधी हजर, सगळ्यांत शेवटी जेवणार. फक्त त्यांच्या हातून चूक होत नसे. बारा वर्षांच्या ओळखीत त्यांच्या हातून ‘न झालेल्या’ चुकांची मोजदाद मी मनात ठेवली होती आणि त्यातली प्रत्येक दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेलेली होती. दोन मुनिमाच्या, एक हवामानाच्या, आणि एक पाहुण्यांच्या ड्रायव्हरच्या, जो त्या दिवशी रजेवर होता.

माझा एक नियम आहे. यंत्राला विचारण्याआधी माणसांना विचारायचं. सात जणांना विचारलं की पूजेनंतर कॅबिनेटला कुणी हात लावला. सातही जणांनी नाही म्हटलं. तिघांनी न विचारता दुसऱ्याचं नाव सुचवलं. एका विणकरानं गेल्या उन्हाळ्यात तिथल्या प्लगला मोबाइल लावल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली. मालक म्हणाले, आम्ही असल्या गोष्टींच्या वाटेला जात नाही. सकाळी फोनवर तुम्हीच म्हणालात, डबे काढून परत घट्ट बसवून बघा; मी काय म्हटलं? ते तुमचं काम, तुम्ही या. बरोबर का?

बरोबर होतं. दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला होता की डिझाइनचं कोठार दिसतच नाही. तेव्हा मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या टेबलाखाली पालथा पडलो होतो. असं काहीही बिघडलं की मी जे वाक्य सांगतो ते सांगून टाकलं, आणि ते जे म्हणाले ते ऐकून निश्चिंत झालो.

मल्लेशमला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पूजा केली. होतं तसं ठेवलं."

होतं तसं ठेवलं. यंत्र उघडणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. मी त्याचं म्हणणं इतरांच्या म्हणण्यांत जमा केलं आणि कामाला लागलो.

काम म्हटलं तर सोपं होतं. चार डिस्क, चार खण. खण ठरलेले, कंट्रोलर त्यांना वरून खाली मोजतो. डिस्कला स्वतःचं नाव नाही. जिथं बसेल ते तिचं नाव. शाळेत बाकावरून हजेरी घेणारे मास्तर असतात, तसला प्रकार. चौघी दिसायला सख्ख्या बहिणी, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या. कुठली कुठं होती, हे फक्त नंबराच्या चिकट्यांवरून कळलं असतं. चिकट्या होत्या. माझ्या बॅगेत. बसवायला आलो त्या दिवशी लावायच्या राहिल्या होत्या.

चार डिस्कांच्या मांडण्या चोवीस. दर मांडणीला बंद करून, बदलून, चालू करून बघायचं म्हणजे पंधरा मिनिटं. म्हणजे सहा तास. घड्याळात दोन वाजत होते आणि दिवेलागण सव्वासहाला. शिवाय या जातीचा कंट्रोलर चिडका. चार-पाच वेळा उलटसुलट मांडणी दाखवली की तो एखादी डिस्क मेली म्हणून स्वतःच नोंदवून टाकतो, आणि त्यानं मेली म्हटलं की तिला जिवंत करणं कठीण.

हे सगळं मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मल्लेशमनं चोवीस घोळ घातले."

"एकच घातला. कुठला, ते कळत नाही."

त्यांनी मल्लेशमकडे अशा नजरेनं पाहिलं, की चोवीसही त्याचेच.

मी मल्लेशमला विचारलं, पाटावर कशा मांडल्या होत्या, आत घालताना कुठली आधी उचलली. त्यानं तोंड उघडलं, मग मालकांकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणाला, "होतं तसं ठेवलं, साहेब."

मला राग आला. माणूस हटवादी असतो हे ठीक, पण नोकरीवर बेतलेलं असताना कुणी हट्टाला पेटतं का? मी म्हणालो की निदान डिस्क तरी स्वच्छ करून घेतो, पिनांमध्ये कुंकू गेलं असेल तर आणखी घोटाळा. वरची पहिली बाहेर काढली. तिच्या कपाळावर, म्हणजे हँडलच्या बाजूला, कुंकवाचा वाळलेला डाग होता. कापडावर स्पिरिट घेतलं आणि लख्ख पुसून टाकला. दुसरी काढली, कापड टेकवलं.

"पुसू नका, साहेब."

मल्लेशम दारातून आत आला होता. तोवर कुणी बोलवल्याशिवाय त्यानं उंबरा ओलांडला नव्हता.

"देवाचं म्हणून?" मी विचारलं.

"नाही. बघा नीट."

मी डिस्क खिडकीशी नेली. कुंकवाचं बोट ओढलेलं नव्हतं. ठिपके होते. एकाखाली एक, तीन. खालची काढली, तिच्यावर दोन. सगळ्यांत खालची काढली. तिच्यावर एक.

पद्मजानं लिहिणं थांबवलं.

"मामा," ती म्हणाली, "हे तुम्ही मोजून लावले?"

मल्लेशमला त्यात विशेष काही वाटलं नसावं. जकार्डच्या मागावर दोन-अडीच हजार दोऱ्या असतात, तो म्हणाला. त्या सोडायच्या आधी दर शंभराला गाठ मारून ठेवतो आम्ही, नाहीतर मोराचं तोंड हत्तीला लागतं. "देव जरी उचलायचा असला, तरी कुठं बसला होता ते बघून उचलावा. वरच्याला एक, खालच्याला चार. मग पूजा. मग होते तसे ठेवले."

म्हणजे वरून खाली एक, दोन, तीन, चार. आणि मी आता काढल्या त्या वरून खाली पुसलेली, तीन, दोन, एक. पुसलेली अर्थातच चौथी. मांडणी बरोबर उलटी.

उलट्या मांडणीला हात ओळखता येतो. पाटावर शेजारी शेजारी ठेवलेली वस्तू परत त्याच क्रमानं जाते. घाईत काढून एकावर एक रचली, की शेवटची वर येते आणि आधी हातात सापडते. घासलेली ताटं रचून मांडणीत लावणाऱ्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणजे पूजेनंतर कुणीतरी चारी डिस्क पुन्हा काढल्या होत्या, आणि त्या माणसाला पाट मांडायची सवय नव्हती.

"मग हे उलटं कुणी..." मी सुरुवात केली.

"आधी लावून घ्या, साहेब," मल्लेशम म्हणाला. "दिवस कलायला लागलाय."

मी ठिपक्यांप्रमाणे लावून घेतल्या. चालू करायला हात पुढे केला तर पद्मजानं थांबवलं. तिनं आधी कॅबिनेटचं बटण दाबलं. आतून हळूहळू चढत जाणारा आवाज आला. डोळे मिटून तिनं तीसपर्यंत अंक मोजले, आणि मग संगणकाचं बटण दाबलं.

हे मीच तिला शिकवलं होतं. डिस्कना फिरायला लागून दम धरायला वेळ लागतो. कंट्रोलर सुरुवातीला एकदाच हजेरी घेतो. त्या क्षणी जी तयार नाही ती गैरहजर, मग मागाहून तिनं कितीही हात वर केला तरी उपयोग नाही.

"सकाळी मुहूर्ताला कुणी चालू केलं होतं, मालक?" तिनं पडद्याकडे बघतच विचारलं.

"मुहूर्त माझ्याच हातानं असतो. नऊ बाराला."

"आधी कॅबिनेट की आधी कॉम्प्युटर?"

"आधी कॉम्प्युटर," मालक म्हणाले. "मोठ्याला आधी मान. कॅबिनेट त्याच्या हाताखालचं ना? ते नंतर."

पद्मजानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. म्हणजे सकाळी कशालाच काही झालेलं नव्हतं. चारी डिस्क आपापल्या जागी ठाकठीक होत्या. कॅबिनेट मागाहून जागं झालं म्हणून कोठार दिसलं नाही, एवढंच. तेव्हा कुणी नुसतं सगळं बंद करून नीट क्रमानं चालू केलं असतं, तर मला दुपारी त्या टेबलाखालून उठायचीही गरज पडली नसती.

पडद्यावर कंट्रोलरनं चारी डिस्क मोजल्या, लिहिलेल्याशी ताडून पाहिल्या आणि काही न विचारता पुढे गेला. वाय नाही, एन नाही. पद्मजानं डिझाइनचा प्रोग्रॅम उघडला.

एकही डिझाइन नव्हतं.

मालक खुर्चीत बसले. मल्लेशमचा हात खिशातल्या पक्कडीवर गेला आणि तिथंच राहिला.

मी म्हटलं, थांबा. प्रोग्रॅम डिझाइन एफ नावाच्या ड्राइव्हमध्ये शोधतो. मी एफ उघडला. त्यात तेलुगू भजनं होती, मालकांच्या मुलाच्या साखरपुड्याचे फोटो होते, आणि येत्या वर्षाचं वृश्चिक राशीचं भविष्य होतं.

पंगतीत आपण हात धुवायला उठतो आणि कुणी पाहुणा आपल्या पाटावर येऊन बसतो. आपण परत आलो की काय करतो? पुढचा रिकामा पाट धरतो. कोठारानं तेच केलं होतं. सकाळी ते गैरहजर असताना एफची जागा दुसऱ्यानं धरली, म्हणून ते आता निमूट ‘जी’ या पुढच्या अक्षराच्या ड्राइव्हवर जाऊन बसलं होतं. आणि प्रोग्रॅम बिचारा एफच्या दारात उभा राहून वृश्चिक राशीत मोर शोधत होता.

पद्मजा खाली वाकली, संगणकाच्या पाठीमागे हात घातला आणि एक पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. निळ्या दोरीसकट.

त्या काळी सोलापुरात पेन ड्राइव्ह थोड्यांकडे होता आणि येमुल मालकांनी तो चार महिने ताइतासारखा गळ्यात घातला होता. जेवताना, दुकानात, मयतीलासुद्धा. त्यांचा हात आपोआप छातीशी गेला. तिथं काही नव्हतं. तो हात मग त्यांनी शर्टाच्या बटणावरून फिरवला, जणू तेच तपासायचं होतं.

पद्मजा पडद्याकडे बघत राहिली. मी नावं बदलली. ‘जी’चं एफ केलं. डिझाइन एकामागून एक उमटायला लागली, सहाशे बारा. तिनं सगळ्यांत शेवटचं उघडलं, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातलं. चोचीत आंब्याचं पान धरलेला राघू. त्याचा डोळा तिनं मोठा करून पाहिला, मग पान, मग शेपटी. मग हातातला नावांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पदरानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

पाच वाजले होते.

"आलं ना सगळं?" मालक उभे राहिले. तोवर त्यांनी पेन ड्राइव्ह गळ्यात घातला होता. दारात पाच-सहा विणकर जमले होते. त्यांच्याकडे एकदा पाहून मालकांनी घसा साफ केला आणि मला विचारलं, "मग आता सांगा, निंबर्गी साहेब. चूक कुणाची?"

हा प्रश्न विचारायला छाती लागते, हे मी त्यांच्या बाजूनं मांडून ठेवतो.

सगळी उत्तरं माझ्यापाशी होती. मुहूर्ताचा क्रम, उलटी मांडणी, निळी दोरी. बारा वर्षांची मोजदाद एका वाक्यात चुकती झाली असती. मी मल्लेशमकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. इतकी थोडी की नुसती मानेवरची माशी उडवावी.

"माझी," मी म्हणालो. "नंबराच्या चिकट्या मी लावल्या नाहीत. आणि सकाळी लाइट गेली असेल. लाइट गेली-आली की हा कंट्रोलर कधीकधी मांडणी आपोआप उलटी करतो. जुन्या मशिनांत असतो हा दोष. मल्लेशमनं खुणा केल्या म्हणून आज निभावलं."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं, शेवटचंही खरं होतं. मधल्या वाक्यांबद्दल कुठल्याही कॉलेजानं माझी पदवी परत घेतली असती.

मालकांचा चेहरा उजळला. त्यांनी मला माफ केलं. माणूस आहे, चुकतो, म्हणाले. पण जबाबदारीच्या कामात आळस बरा नव्हे. मग त्यांनी वीस मिनिटं मला जबाबदारी म्हणजे काय ते सांगितलं, त्यांच्या वडिलांचा दाखला देऊन, आणि मी ते मान खाली घालून ऐकलं. मल्लेशमला ते जाता जाता म्हणाले, "तू कामाला लाग. सात नंबरचा माग खडखडतोय." नोकरीचा विषय त्यांच्या लेखी निघालाच नव्हता.

मल्लेशम मला फाटकापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, सकाळी मालक डिस्क काढत होते तेव्हा तू होतास?

"नारळ घेऊन उभा होतो मागे. काढल्या आणि भाकऱ्यांसारख्या रचल्या. माझा जीव वर आला, पण बोलणार काय?"

"मग मला तरी सांगायचंस. कानात."

"सांगितलं असतं तर तुम्ही वर सांगितलं असतं. मालक खोटे पडले असते, चारचौघांत. खोटा पडलेला मालक पुढं वर्षभर राग कुणावर काढतो, साहेब? मागांवर पोरंबाळंवाली माणसं आहेत."

"आणि तुझी नोकरी?"

"दिवेलागण व्हायची होती की अजून. मला वाटलं, इंजिनियर आहेत, ठिपके दिसतील." तो जरा थांबला. "तुम्ही तर पुसायलाच घेतलं."

मी गाडीला किक मारली. त्यानं फाटक उघडून धरलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं, नवीन आलेला माग न्याहाळावा तसं.

"मघाशी चांगलं बोललात," तो म्हणाला. "अडखळला नाहीत. जॉबर झाला असतात तुम्ही."

मला आजवर मिळालेल्या प्रशस्तिपत्रकांत याच्या तोडीचं एकच आहे, आणि ते इतकं खरं नाही. मी त्याचे आभार मानणार होतो, पण आतून येमुल मालकांचा आवाज आला आणि आम्ही दोघंही ऐकत राहिलो. लाइट गेली-आली की कंट्रोलर मांडणी आपोआप कशी उलटी करतो, ते मालक पद्मजाला सावकाश, बोटांवर मोजून, समजावून सांगत होते.